कळण्याची भाकरी

नवा मध्य प्रदेश झाला आणि बऱ्हाणपूरच्या आमच्या कचेरीला भोपाळच्या बदल्यांची धास्ती बसली. आम्ही कारकून भरले डबे घरी परत न्यायचो, चहा-शेवेवर दिवस काढायचो. शिपाई मात्र ठरल्या वेळी फडक्यातली ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी काढायचा, बुक्कीनं कांदा फोडायचा. वर आम्हालाच झापायचा, "घोर लागला तं दोन घास जास्ती खा ना, बाबूजी!"

कांद्याचा वास येतो म्हणून साहेबांनी त्याला जेवायला व्हरांड्यात काढलं. आम्ही फायलींत डोकी घातली.

यादी आली. स्वतःचं नाव वाचून उपाशी साहेबांना भोवळ आली. शिपायानं अर्धी भाकरी त्या यादीवरच ठेवली.

"आधी खा साहेब, मंग रडा."

साहेबांनी मुकाट खाल्ली, कांद्यासकट. आणि दुसऱ्या दिवशी? शिपाई व्हरांड्यातच जेवत होता!