कच्च्या रंगाचा डगला

माझ्या ताईला निम्मं शहर ओळखतं, पण तिचं शिवणकाम कोणाला ठाऊक नाही, याचा मला राग येतो. टीव्हीवाले येतात, कॉलेजची पोरं येतात, तिच्याशेजारी उभी राहून फोटो काढतात. पण बाई, या डगल्याची कॉलर इतकी सुबक कोणी बसवली, असं एकालाही विचारावंसं वाटत नाही. ती कॉलर ताई डोळे मिटून बसवते. कापायचं काम माझं. वडिलांनी जाताना दुकानाची वाटणी करून दिली ती अशी: कात्री मला, मशीन तिला. त्या वाटणीवरून आमचं कधी भांडण झालं नाही. बाकी सगळ्यावरून झालं.

दुकान म्हणजे एकच खोली. पुढे कापायचं टेबल, मागे दोन मशिनी आणि गिऱ्हाइकाला कपडे घालून बघायला कोपऱ्यात एक पडदा. जवळच लष्कराची छावणी असल्यामुळे नव्या जवानांचे गणवेश अंगाबरोबर करून द्यायचं काम आमच्याकडे यायचं. सरकारी मापं तीनच असतात, लहान, मध्यम आणि मोठं. माणसं मात्र या तीन मापांत जन्माला येत नाहीत, म्हणून आमची चूल पेटायची.

एका दुपारी एक आई आपल्या मुलाला घेऊन आली. लहानातलं लहान माप, तरी बाह्या त्याच्या बोटांच्या खाली लोंबत होत्या. मी हसलो, तोही हसला. ताईने बाही वर घेऊन मनगटाशी टाचण्या लावल्या. जास्तीचं कापड उडवायला मी कात्री उचलली, तर तिने माझा हात धरला. "कापू नकोस. आत दुमड, माया राहू दे. पोरगा अजून वाढतोय." आम्ही शिंपी शिवणीत कापड राखून ठेवतो ते यासाठीच. अंग भरलं की टाके सोडायचे आणि कपडा मोठा करायचा.

काही महिन्यांनी ती आई पुन्हा आली. थोरल्याचा घरी राहिलेला एक जोड तिने टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "धाकट्याला लढाईवर बोलावलंय. त्याच्या मापाचा करून द्या."

"आणि थोरला?" मी विचारलं.

"त्याला आता लागायचा नाही," ती म्हणाली.

धाकटा दारात उभा होता. भावापेक्षाही काटकुळा. ताईने त्याचं माप घेतलं, बाही उसवली, आत तिनेच दुमडलेलं ते कापड जसंच्या तसं होतं. तिने त्या दुमडीवरून एकदा अंगठा फिरवला. मग बाही आणखी वर घेऊन तिने काम नीट पुरं केलं आणि गणवेश इस्त्री करून दिला. धाकटा परत आला की नाही ते आम्हाला कधी कळलं नाही. त्याची आई पुन्हा दुकानात आली नाही.

तो गणवेश दिला त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी ताई युद्धखात्याच्या फाटकासमोरच्या फुटपाथवर जाऊन बसली. मांडीवर एक पुठ्ठा, त्यावर तीन शब्द: मुलांना घरी आणा.

मला वाटलं, दोन दिवसांचं खूळ आहे. आमच्या घरात आरंभशूर लोक काही कमी नव्हते, त्यात मीही आलो. पण ताई साहेबलोकांच्या येण्याच्या वेळेला जायची, ते निघाले की उठायची आणि संध्याकाळी मशीनवर बसायची. महिने गेले, मग वर्षं गेली. ते युद्ध संपलं, दुसरं सुरू झालं. फाटकावरचे शिपाई बदलले, मंत्री तर किती बदलले ते त्यांनाही सांगता यायचं नाही. ताई तिथेच. लोक शिव्या द्यायचे. एक सूटबूटवाला रोज थांबून विचारायचा, "बाई, कोणत्या देशाचं खाता?" एके दिवशी ताई म्हणाली, "शिलाईचं खाते. तुमची पँट मागून उसवलीय, येऊन जा दुकानात." तो दुसऱ्या दिवसापासून फुटपाथ बदलून जाऊ लागला.

मग नियम निघाला की फाटकासमोर फुटपाथवर काहीही ठेवायचं नाही. पुठ्ठा गेला, बसायचं स्टूलही गेलं. त्या संध्याकाळी ताई निळ्या कापडाचा तागा घेऊन आली. म्हणाली, "ठेवायचं नाही म्हणतात ना, मग अंगावर घालीन. डगला काप माझ्या मापाचा."

मी कापड बोटांत चुरगळून बघितलं आणि भडकलो. "अगं, हा कच्चा रंग आहे. दोन उन्हाळ्यांत याची पार राख होईल. शिंप्याची मुलगी आणि एवढं कळत नाही तुला?"

"रंग आवडला मला," ती म्हणाली. चूक झाल्याचं तिलाही कळलं होतं, पण धाकट्या भावाकडे कबूल करणार थोडीच.

पक्क्या पांढऱ्या कापडातून मी अक्षरं कापली, वीतभर उंचीची. तिने ती डगल्याच्या पाठीवर कडेकडेने बारीक टाके घालून बसवली. तेव्हापासून ती उभीच राहू लागली. ऊन असो, वारा असो, डगला अंगावर आणि पाठ फाटकाकडे. मी म्हटलं होतं तसंच झालं, निळा रंग उडून धुण्याच्या फडक्यासारखा झाला. अक्षरं पांढरीच्या पांढरी राहिली. फाटकावरचे शिपाई तिला निळी आजी म्हणत, तेव्हा मी मुद्दाम सांगायचो की आता निळी कुठे, राखाडी म्हणा.

पुढे निघालेला नियम पहिल्याहून वरताण होता. फाटकासमोर एकही अक्षर नको, हातात नको, जमिनीवर नको, अंगावर नको. मी तिला दुपारचा डबा द्यायला गेलो होतो तेव्हाच पोलिसांची गाडी आली. साहेब भला माणूस होता, बऱ्याच वर्षांचा ओळखीचा. मान खाली घालून म्हणाला, "आजी, अक्षरं काढावी लागतील. नाही काढलीत तर तुम्हाला आत न्यायचं आणि ही जागा कायमची बंद करायची, असा हुकूम आहे." बरोबरच्या शिपाई बाईच्या हातात मोठी कात्री होती.

ताई त्या कात्रीकडे बघत म्हणाली, "ती नको. कापड फाटेल. मी शिवलंय, मीच उसवते."

माझं डोकं फिरलं. "एवढी वर्षं उभी राहिलीस आणि आज नमतेस? नेऊ देत की आत."

"आत गेले तर इथे कोण उभं राहील? तू?" ती म्हणाली. "दोऱ्याचं टोक धर."

ती फुटपाथवर बसली, डगला मांडीवर पसरला आणि पिशवीतली छोटी कात्री काढून टाके कापू लागली. ती भराभर टाके तोडत होती. आयुष्यात मी तिला शिवणीवर अशी घाई करताना बघितलं नव्हतं. पहिलं अक्षर सुटलं, मी ते साहेबाकडे दिलं. त्याच्याखाली कापड गडद दिसलं. मला वाटलं, सावली पडली असेल. दुसरं सुटलं. तिसऱ्याला मी ताईकडे बघितलं आणि तिने माझ्याकडे. तिची घाई थांबली. पुढची अक्षरं तिने अगदी सावकाश, एकेक टाका मोजून द्यावा तशी उसवली. साहेब प्रत्येक अक्षर पिशवीत टाकत होता आणि कागदावर टिपून घेत होता.

मग ती उठली, डगला अंगात घातला आणि नेहमीसारखी पाठ फाटकाकडे केली.

इतक्या वर्षांचं ऊन चहूबाजूंनी कापडाचा रंग खाऊन गेलं होतं. फक्त अक्षरांच्या खाली ते पोचलं नव्हतं. त्या राखेसारख्या पाठीवर गडद निळे, आज ताग्यातून काढल्यासारखे तीन शब्द उभे होते. शिपाई बाईने ते हलक्या आवाजात वाचले आणि ओठ घट्ट मिटले. फाटकावरचा पहारेकरी दोन पावलं पुढे येऊन नुसता बघत राहिला. मी जन्मभर कापडात वावरलो, कापडाने असं काही करावं, हे मी कधी बघितलं नव्हतं.

"हे काय आहे, आजी?" साहेबाने विचारलं.

"कापड."

"पुसून टाका ते."

"काय पुसू, साहेब? माझ्याकडे एकही अक्षर नाही. सगळी तुमच्या पिशवीत आहेत."

साहेबाने पिशवीत बघितलं, मग पाठीकडे, मग हातातल्या कागदाकडे. कागद घडी करून खिशात घातला आणि गाडीत जाऊन बसला.

प्रकरण कोर्टात गेलं. सरकारी वकील दोन तास बोलला. न्यायाधीशबाईंनी ताईला पाठ करून उभं राहायला सांगितलं, चष्मा लावून वाचलं आणि निकाल दिला: या बाईंचं म्हणणं सरकारला पटो न पटो, ते म्हणायचा हक्क त्यांचा आहे, मग ते कागदावर असो, कापडावर असो की तोंडाने. नियम रद्द झाला. पिशवी परत मिळाली, अक्षरांसकट. ताई कोर्टातून निघाली ती थेट फाटकासमोर, घरी जेवायलासुद्धा आली नाही.

आता तिने सत्तरी ओलांडलीय. डगला कोपरांवर विरलाय. परवा म्हणाली, "नवा शिवू या. जुनी अक्षरं वर बसवू. कापड मात्र तसलंच आण, कच्च्या रंगाचं."

कापडवाल्याकडे मी ते मागितलं तेव्हा त्याला अपमान वाटला. "आमच्याकडे रंग जाणारा माल नसतो." मी अर्धा दिवस बाजार पालथा घातला. जन्मभर गिऱ्हाइकांना पक्का रंग बघून घ्या म्हणून सांगणारा मी, दुकानोदुकानी वाईट कापड शोधत हिंडत होतो. रंग उडायला पुन्हा वर्षं लागणार, हे तिला माहीत होतं. कधी ना कधी पुन्हा कोणी उसवायला लावील आणि तोवर ऊन खाल्लेलं बरं, असा तिचा हिशेब होता. या बाईपुढे मी लहानपणी जेवढा लहान होतो तेवढाच अजून आहे.

कापड टेबलावर पसरून मी तिचं माप घेतलं. पूर्वीपेक्षा ती किती आक्रसलीय ते टेपवर दिसलं. बाहीचं जास्तीचं कापड उडवायला कात्री उचलली, तर तिने हात धरला.

"कापू नकोस. माया राहू दे."

"कशाला?" मी म्हटलं. "तुला काय आता वाढायचंय?"

"मला नाही," ती म्हणाली. "माझ्यानंतर जो घालेल, त्याच्या अंगाला सोडता आली पाहिजे."

मी कात्री खाली ठेवली आणि कापड आत दुमडलं.