बिनचाकाच्या गाडीची वाट

श्रावस्तीला निवांत बसलेलं मी कधी पाहिलं नाही. थांब्यावर गाडी टेकवली की ती खाली उतरायची, गाडीभोवती फेरी मारायची, पोटाखाली वाकून बघायची, वर येऊन बसायची आणि मिनिटभरात पुन्हा उतरायची. ती ड्रायव्हर आणि चार वर्षं मी तिच्या गाडीवर कंडक्टर. लोहारा ते मुरुम, दिवसाला तीन फेऱ्या.

कागदोपत्री गाडीचं नाव तरंगबस, पण आमच्याकडं सगळे तिला अधांतर म्हणतात. "अधांतर गेली का वं?" असंच विचारतात. तिला चाकं नाहीत. पोटाखाली आठ मोठ्या चकत्या आहेत. त्या फिरू लागल्या की गाडी जमीन सोडते आणि कमरेएवढ्या उंचीवरून निघते. तिच्यावर कंडक्टरला तिकिटापेक्षा तोल जास्त सांभाळावा लागतो. एका अंगाला वजन पडलं की गाडी कलते आणि वाऱ्यावर तिरकी सरकत जाते. म्हणून "काका, तुम्ही उजवीकडं या" आणि "मावशी, शेळी मधोमध धरा" हेच माझं दिवसभराचं बोलणं. मी विरेश, राहणार मुरुम. या कामात घाई चालत नाही, म्हणून मला ते आवडतं.

श्रावस्तीचं उलटं. तिचे वडील राजपाल एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. उभा जन्म चाकं काढण्यात आणि बसवण्यात गेला. पोरीनं नर्सिंग अर्धवट सोडलं, पुण्यातल्या दोन नोकऱ्या सहा-सहा महिन्यांत सोडल्या आणि तरंगबसला बायकांची भरती निघाली तेव्हा घरी न सांगता अर्ज टाकला. राजपालकाका म्हणायचे, "हिला जमिनीवर करमत न्हाय, म्हणून सरकारनं ही गाडी काढली."

आमच्या वाटेवर कुरणवस्तीचा फाटा लागतो. वस्ती तिथून तीन किलोमीटर आत. तीस-पस्तीस घरं, बहुतेक बौद्ध, बाकी दोन-चार धनगरांची. रस्ता नाही. मधे शेतं आणि एक ओढा. रस्ता मागून मागून लोक थकले होते. तिथल्या मालनबाई बाजाराच्या दिवशी शिंदीचे झाडू विकायला मुरुमला जायच्या. साठीच्या पुढच्या, गुडघे गेलेले. एकदा त्या ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसल्या होत्या आणि मधेच त्यांनी विचारलं, "लेकी, तुझ्या गाडीला चाकं न्हाईत. मग तिला रस्ता कशाला लागतो गं?"

मी मागून म्हणालो, "मावशी, परवाना रस्त्याचा असतो."

"व्हय का," मालनबाई म्हणाल्या.

पण त्या दिवसापासून श्रावस्तीचं डोकं ठिकाणावर राहिलं नाही. फाटा आला की ती शेतांकडं बघायची. जेवताना डबा उघडायची, दोन घास खायची आणि म्हणायची, "अण्णा, खरंच कशाला लागतो रस्ता?" मी म्हणायचो, "जेव आधी."

नोव्हेंबरातली गोष्ट. संध्याकाळची शेवटची फेरी, उजेड होता अजून. गाडीत मालनबाईंशिवाय कुणी नव्हतं. फाट्यावर त्या उतरल्या, चार पावलं चालल्या आणि दगडावर बसल्या. गुडघा भाकरीसारखा फुगला होता.

"जावा तुम्ही," त्या म्हणाल्या. "म्या बसते जरा, मग जाते हळूहळू."

श्रावस्ती उतरली, गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाली, "मावशी, चढा परत. घरी सोडते."

"श्रावस्ती, परवाना," मी म्हणालो.

"तुम्ही उतरा, अण्णा. तुमच्यावर काही येऊ देणार नाही."

आणि मी उतरलो. हे सांगायला आजही जीभ जड होते. मालनबाईंना हात देऊन मी वर चढवलं आणि स्वतः फाट्यावर थांबलो. गाडीनं डांबर सोडलं. समोर रणधीर नावाच्या शेतकऱ्याची तूर होती, ऐन फुलोऱ्यात आलेली. गाडी जवळपास रिकामी, म्हणून ती उंच उठली आणि तुरीच्या डोक्यावरून सरळ गेली. वस्तीवर पोरांचा आनंदाचा गलका उठला, तो वाऱ्यावर फाट्यापर्यंत ऐकू आला. वीस मिनिटांनी श्रावस्ती परतली तेव्हा तिचा चेहरा नुसता खुलला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाट्यावर रणधीर रस्त्यात आडवा उभा होता. पस्तिशीचा, पंचवीस एकरांचा धनी, बोलणं तापट. "खाली उतरा बाई. काय केलंय ते बघायला चला."

प्रवाशांची माफी मागून ती त्याच्यामागं गेली, मीही गेलो. तुरीतून गाडीच्या रुंदीचा एक पट्टा गेला होता. झाडं उभी होती, पण चकत्यांच्या वाऱ्यानं फुलं झडून जमिनीवर पिवळा सडा पडला होता.

"फुलं गेली. आता शेंगा कुठनं येणार?" रणधीर म्हणाला.

श्रावस्ती खाली बसली. मूठभर फुलं उचलून बघत राहिली. मला वाटलं, आता भांडेल. ती म्हणाली, "माझ्या हे ध्यानातच आलं नाही. चूक माझी आहे."

रणधीर भांडायच्या तयारीनं आला होता. त्याचा आवाज उतरला. "तरी तक्रार द्यावी लागंल. न्हायतर उद्या सगळ्या गाड्या माझ्याच रानातनं जातील."

"द्या," ती म्हणाली. "मीपण दिली असती."

दोन महिन्यांसाठी ती निलंबित झाली. मला नुसती समज मिळाली, कारण मी गाडीत नव्हतो. तिच्या जागी कल्याणप्पा नावाचा ड्रायव्हर आला. शांत माणूस. थांब्यावर पेपर वाचायचा. मला बरं वाटायला हवं होतं, पण वाटेना. एका रविवारी मी लोहाऱ्याला तिच्या घरी गेलो. राजपालकाका एकटेच होते.

"घरात हाय कुठं ती?" ते म्हणाले. "वेळू घेऊन ओढ्यात फिरतीय. आठ दिवस झाले."

फाट्याजवळच्या ओढ्यात ती सापडली. गुडघाभर पाण्यात उभी, हातात पाच फुटांचा वेळू. आमची गाडी जास्तीत जास्त पाच फूट उठते, तेही रिकामी असली तर. ओढा कुणाच्या मालकीचा नाही, त्यात पीक नाही आणि तो थेट वस्तीच्या खालच्या अंगानं जातो. कुठला दगड वेळूच्या किती वर येतो, काठ कुठं किती उंच आहे, सगळं तिनं वहीत लिहून ठेवलं होतं. पुढचे तीन रविवार मीही पँट दुमडून तिच्याबरोबर पाण्यात चाललो. ती पुढं, मी मागं धापा टाकत.

तिसऱ्या रविवारी बांधावर रणधीर येऊन उभा राहिला. म्हणाला, "वरच्या वळणाला माझी बाभळ हाय. फांद्या आडव्या येत्यात."

श्रावस्तीनं वही उघडून वळणावर खूण केली.

"तोडून देतो," तो म्हणाला. "तुरीतनं जाण्यापरीस हे बरं."

तिनं वहीतला नकाशा स्वच्छ काढून डेपोत दिला. मॅनेजरसाहेबांनी तो आधी बाजूला ठेवला. ती रोज जाऊन बाहेरच्या बाकड्यावर बसायची, उठायची, व्हरांड्यात येरझाऱ्या घालायची. शेवटी वैतागून असेल किंवा नकाशा पटून असेल, त्यांनी चाचणी घ्यायचं ठरवलं. अट एक, गाडी भरलेली हवी. आणि श्रावस्ती निलंबित असल्यानं गाडी कल्याणप्पा चालवणार.

जानेवारीत वस्तीची अठ्ठावीस माणसं तीन किलोमीटर चालत फाट्यावर आली, कशासाठी, तर गाडीत बसून परत घरी जायला. मालनबाई पुढच्या सीटवर. मॅनेजरसाहेब दारापाशी. श्रावस्ती चौथ्या रांगेत खिडकीला, प्रवासी म्हणून. तिचे दोन्ही पाय हलत होते.

ओढ्यात गाडी उतरली आणि पाण्याचे तुषार खिडक्यांवर उडू लागले. बाभळीपर्यंत सगळं नीट झालं. वळणापुढं ओढ्यात आडवा कातळ आहे, चार फुटांचा. भरलेली गाडी तेवढी उठेना. कल्याणप्पानं जोर लावला, तशी गाडी डावीकडं कलली आणि काठाकडं सरकू लागली. बायका ओरडल्या.

"माघारी घ्या," साहेब म्हणाले.

श्रावस्ती उठली. ती उठताच गाडी आणखी कलली. आणि मी, चार वर्षांत तिच्यावर कधी आवाज न चढवलेला माणूस, ओरडलो, "श्रावस्ती, खाली बस!"

ती बसली. खिडकीची दांडी दोन्ही हातांनी आवळून जागेवरूनच म्हणाली, "अण्णा, आधी सगळ्यांना मागं घ्या. तोंड वर येईल. तोंड कातळावर गेलं की सगळे पुढं."

माणसं कशी हलवायची हे मला ठाऊक होतं. मी एकेक रांग बोलावली, एक डावीकडची, एक उजवीकडची. कुणाला धावू दिलं नाही. मालनबाईंना दोघींनी उचलूनच मागं नेलं. गाडी सावरली, मग तिचं तोंड हळूहळू वर आलं. कल्याणप्पानं कातळाच्या वर ते बोटभर अंतरानं नेलं. "आता पुढं!" मी म्हणालो आणि सगळी वस्ती गाडीतल्या गाडीत पुढं चालत आली. मागचा भाग उचलला. खाली कातळ घासल्याचा आवाज झाला, मग तोही थांबला.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एक म्हातारे बाबा तेवढे म्हणाले, "घर आलं की."

मार्चपासून कुरणवस्तीला दिवसाला दोन फेऱ्या सुरू झाल्या. कातळावर मी अजून माणसं मागं-पुढं करतो. नवख्यांना गंमत वाटते, वस्तीवाले न सांगता उठतात. पावसाळ्यात ओढा भरला की गाडी बंद ठेवावी लागेल, तेव्हा पुन्हा चिखल आहेच. आणि मालनबाई परवा कुरकुरत होत्या, "आता टायमावर निघावं लागतंय. आधी मनाला यील तवा निघायची म्या."

श्रावस्तीला कामावर घेतलं, पण या मार्गावर नाही. तिची बदली ढोकीच्या बाजूला झाली. साहेब म्हणाले, शिस्त म्हणून. नवी वाट सुरू झाली त्या दिवशी ती इकडं आलीही नाही. तिची ड्युटी होती. बदलीचा मला राग आला, तिला नाही. "बघून काय करायचंय, अण्णा? चालू झाली ना?" फोनवर एवढंच म्हणाली.

गेल्या आठवड्यात तिचा पुन्हा फोन आला. मागं कारखान्याकडं जाणाऱ्या ट्रॅक्टरांची धडधड ऐकू येत होती.

"अण्णा, इथं उसाच्या फडात तोडणाऱ्यांच्या कोप्या आहेत, पाचटाच्या झोपड्या. शंभरएक माणसं. एक बाई दिवस भरलेली आहे. दवाखान्याची गाडी आत येत नाही, थांबा दीड कोसावर."

"मग?"

"फडातून ट्रॅक्टरची चाकोरी आहे. दोन्हीकडं ऊस तोडलेला. वेळू घेऊन फिरून आले काल."

"श्रावस्ती, आधी विचार तरी."

"अर्ज दिलाय सकाळी," ती म्हणाली. "अजून उत्तर नाही. तुम्ही रविवारी येता का?"

मी बायकोकडं पाहिलं. रविवारी तिच्या माहेरी जायचं ठरलं होतं. "येतो," मी म्हणालो.