नकाशावर मी जोडलेली गल्ली

कॉलेजच्या पहिल्या वर्षी मी मागवलेली जुनी पुस्तकं घरापर्यंत पोहोचायचीच नाहीत. पार्सलवाला फोन करायचा, "मैडम, आपकी गली तो दिखा ही नहीं रहा." आमची वस्ती शहराबाहेर, कुरुदच्या टोकाला. मग एका सुटीच्या दिवशी मी मोबाइल घेऊन गल्लीभर चालले आणि नकाशाच्या ॲपमध्ये ती जोडली. मागच्या तुटक्या भिंतीतून मैदानाकडे निघणारा वाटेचा तुकडाही जोडला, कारण सायकलनं मी तिथूनच जायचे. ॲपनं ते सगळं मंजूर केलं तेव्हा बाबांनी त्यांच्या पोलादाच्या प्लांटमध्ये सगळ्यांना सांगितलं. आमच्या घरात कॉलेज पाहिलेली मी पहिलीच, म्हणून माझं काहीही त्यांना मोठं वाटतं.

पुढे पावर हाउसकडे जाणारा मोठा रस्ता पाइपांसाठी खोदला, आणि ॲपनं गाड्या आमच्याकडे वळवल्या. मोटारसायकली, ऑटो, मालाचे पिकअप. तुटकी भिंत कोणीतरी आणखी फोडली. दोन पिकअप समोरासमोर आले की हॉर्न थांबायचे नाहीत.

बाबा क्रेन चालवतात. खाली माणसं असतात आणि क्रेनला वितळलेल्या लोखंडाचं भांडं. नाइट शिफ्ट असली की ते सकाळी येतात, जेवतात आणि झोपतात. गल्लीतली अर्धी घरं अशीच. ज्या घरात कोणी दिवसा झोपलेलं असेल, त्या दाराबाहेर खिळ्याला हेल्मेट टांगतात. ते दिसलं की भाजीवाली हाक मारत नाही, मुलं चेंडू घेऊन दुसरीकडे जातात. बाहेरच्या गाडीवाल्याला हे कसं कळणार? ॲपमध्ये तसं काही लिहायची सोय मी शोधली. सापडली नाही. तो मागचा तुकडा काढून टाका, अशी विनंती मी तीनदा पाठवली. दर वेळी उत्तर एकच, तपासणी सुरू आहे.

एका सकाळी बाबा ताटावर बसले आणि म्हणाले, "काल वरती डोळा लागला मले. खालच्यानं शिटी मारली म्हणून..." आई पोळी हातात धरून तशीच उभी राहिली.

"बाबा, हा रस्ता मीच टाकला मॅपवर," मी म्हटलं.

"हाव, मालूम आहे. आख्ख्या शिफ्टले सांगतलं ना मी."

"म्हणजे ह्या गाड्या माझ्याच्यानं येऊन राहिल्या."

ते जरा हसले. "तू रस्ता काढला वं. हॉर्न थोडी तू वाजवून राहिली?"

ते ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवसापासून मी सकाळी गल्लीच्या तोंडाशी उभी राहू लागले. "आगे रास्ता बंद है, भैया." खोटं बोलताना माझा आवाज बारीक व्हायचा. काही जण वळायचे. एकानं मोबाइल माझ्यापुढे धरला, "मैप में तो सीधा दिखा रहा है."

"मैप गलत है," मी म्हणाले.

"मैप गलत, और तू सही?" त्याच्यामागे बसलेला हसला आणि ते आत शिरले.

शेजारच्या काकू ओट्यावरून म्हणाल्या, "पोट्टीले ट्रॅफिक पोलिसात नोकरी लागली वाट्टे! पगार कोण देते वं?"

पहिला तास रोज बुडत होता. हजेरी कमी पडली तर परीक्षेला बसू देत नाहीत, हे मी घरी सांगितलंच नव्हतं. एके सकाळी मी अशीच उभी असताना बाबा बनियनवरच बाहेर आले. एका हातात मोबाइल, त्यावर हजेरी कमी असल्याचा कॉलेजचा मेसेज. दुसऱ्या हातात प्लास्टिकची खुर्ची. डोळे लालभडक.

"कावून नाही सांगतलं? जा कॉलेजले."

"तुमी झोपा ना, बाबा."

"मी इतवारी झोपतो. जा म्हटलं ना."

त्यांनी खुर्ची रस्त्याच्या मधोमध मांडली आणि बसले. समोरून ऑटो आला. बाबांनी नुसता हात वर केला. ऑटोवाल्यानं त्यांच्याकडे पाहिलं आणि गाडी मागे घेतली.

मी गेले. हजेरी लागली. त्या तासाला काय शिकवलं ते मला सांगता येणार नाही. बाबांना त्या रात्री पुन्हा क्रेनवर चढायचं होतं, आणि मी सारखी घड्याळाकडे बघत त्यांचे झोपेचे तास मोजत होते.