मे महिन्यातली मोजणी

ब्रह्मपुरीजवळच्या आमच्या मुरमाड माळावर वच्छलाबाई चाळीस वर्षं मुसळीचे औषधी कंद खणत आली. तिचा नेम एकच. दर खड्ड्यात एक कंद परत पुरायचा, माती लोटायची, मगच पुढच्या झुडपाकडे जायचं. हा नेम मोडला म्हणून तिनं स्वतःच्या सुनेलाही भर माळावर झापलं होतं.

यंदा माळावरच्या झाडोऱ्याची मोजणी करायला सरकारी साहेब आले, आणि आले तेही ऐन मे महिन्यात! दोरीचा चौकोन ताणून त्यांनी मोठ्यानं म्हणत कागद भरला, "चिल्हाटीची काटेरी झुडपं अकरा. औषधी वनस्पती शून्य. जमीन पडीक."

वच्छलाबाई भडकली. "शून्य? पावसात काऊन नाई आले तुमी? आता पानं वाळली, कंद खाली झोपून राह्यले!"

"बाई, दिसतं तेच लिहितो आम्ही."

तिनं खणायची सब्बल उचलली आणि चौकोनातल्या सगळ्यात दाट झुडपाखाली घातली. "इथी शेळीचं तोंड पोचत नाई, म्हनून मुसळी इथीच वाचते." काट्यांनी हात रक्ताळला, पण मातीतून मुसळीचा झुबका निघाला.

 नमुना म्हणून साहेबांनी तो आपल्या पिशवीत टाकला. कागदावरचं शून्य मात्र तसंच राहिलं.

वच्छलाबाईनं सरळ पिशवीत हात घातला, झुबका काढून खड्ड्यात ठेवला आणि माती पायानं दाबली.

"जिथी काईच नाई, तिथून काय घेऊन चालले, साहेब?"