कोपरा न फाडलेलं कार्ड

वडील गेले तेव्हा त्यांच्या डायरीच्या शेवटच्या पानावर नऊ जणांची देणी लिहिलेली होती; नुसती नावं, आकडे नाहीत. वडील पिंपरीच्या एका कारखान्यात टर्नर. त्यातले आठ जण कारखान्यातलेच. नववे चऱ्होलीचे सायकलवाले, त्यांच्याकडून वडिलांनी जुनी सायकल हप्त्यानं घेतली होती. काका म्हणाले, "येतील ते येतील. आपण कशाला आवतण द्यायचं?" आईचं म्हणणं वेगळं. कंपनीतून फंडाचे पैसे यायचे होते, आणि ते घरखर्चात मुरण्याआधी सगळ्यांचं चुकतं व्हायला हवं होतं. "त्यांना मागनं कुणी बुडव्या म्हणलेलं मला चालायचं न्हाई," एवढंच ती म्हणाली.

मी तेव्हा टायपिंगच्या क्लासला जात होते आणि पत्रव्यवहार आपल्याला कळतो अशी माझी समजूत होती. नऊ पोस्टकार्डं लिहिली. एका बाजूला वडील वारल्याचं. पत्त्याच्या बाजूला उरलेल्या जागेत, आपले येणे किती ते कळवावे. आई म्हणाली, कोपरे फाड. मौतीच्या कार्डाचा कोपरा फाडतात, म्हणजे हातात घेताच कळतं. नातेवाइकांची तिनं तशीच पाठवली होती. मी फाडले नाहीत. ही कामाची पत्रं आहेत, असं तिला वर सुनावलं.

तीन आठवडे कुणी फिरकलं नाही. फंडाचे पैसे आले आणि ट्रंकेत पडून राहिले. आई हात लावू देईना. मला आधी वाटलं, माणसं काय मनाची मोठी! मग राग आला, आमची कीव करतात म्हणून. पगाराच्या दिवशी पैसे घेऊन तडक कारखान्याच्या गेटवर जाऊन उभी राहिले.

वडिलांच्या शेजारच्या मशीनवरचा माणूस म्हणाला, "ताई, कार्ड मिळालं की. वाचलं नि फाडलं. मौतीचं कार्ड घरात ठेवतात व्हय?" मागची बाजू त्यानं पाहिलीच नव्हती, आणि आपण होऊन मागायला यायचं कसं, म्हणून थांबला होता. आठही जणांचं तेच. ज्यानं जेवढे सांगितले तेवढे पैसे तिथंच दिले.

रविवारी वडिलांचीच सायकल काढून चऱ्होलीला गेले. दुकानातले म्हातारे सायकल ओळखून उठले आणि माझ्या मागं रस्त्याकडं बघत राहिले. ज्यांची सायकल, त्यांची मी मुलगी म्हणून सांगितलं, कार्ड मिळालं का विचारलं.

त्यांनी पत्र्याचा डबा उघडला. कार्ड त्यात होतं, चारी कोपरे शाबूत. "मिळालं की. पर मला वाचाय येत न्हाई. फौजेतल्या पोराची कागदं तुझं वडीलच वाचून दावायचं, हप्ता द्यायला आलं की. गावात कुणाला दिलं तर घरातली गोष्ट गावभर हुती. म्हणून ठेवलंय. ते कधी येत्यात?"

महिनाभरात मी वडील गेल्याचं कितीतरी जणांना सांगितलं होतं, न अडखळता. तिथं मात्र त्या शाबूत कोपऱ्यांकडंच नजर जात होती. स्वतःचा इतका राग मला कधी आला नव्हता. मग कार्ड हातात घेऊन वाचलं, दोन्ही बाजू.

त्यांनी शेवटच्या हप्त्याचे बारा रुपये मोजून घेतले. कार्डाचे चार तुकडे करून बाहेर टाकले, रांजणातल्या पाण्यानं हात धुतले, पंच्याला पुसले. मग डब्यातून मुलाचं न फोडलेलं पाकीट काढून माझ्यापुढं धरलं.