इंदूबाईच्या नावाचा चखणा

दारव्ह्याच्या वेशीवरच्या जुन्या दारूभट्टीला आता ‘भट्टी चौक’ म्हणतात. इंग्रजांच्या काळातली चिमणी रंगवली, खाली कपड्यांची दुकानं, पिझ्झा, आइस्क्रीम, सेल्फीवाल्यांची जत्रा. गाव फुललं म्हणे. फुललं असेल!

भट्टी कधीच बंद पडली होती, पण तिच्या दारातलं देशी दारूचं दुकान चालूच होतं. ते बंद पाडलं इंदूबाईनं. दारूबंदीच्या मतपत्रिकेवर दोन बाटल्या असतात, एक उभी, एक आडवी. नवरा दारूनंच गेलेली ही बाई दारोदार सांगायची, "आडवीवर शिक्का मार वं, मंग तुहा नवरा उभा राहीन." बायका हसल्या आणि शिक्के मारून आल्या.

चौक झाल्यावर तिनं तिथंच झुणका-भाकरीचा गाळा घेतला. तिच्यासोबत दारोदार फिरलेला मी भडकलो, भट्टीच्याच जागेत गाळा? म्हणाली, "भाकर भाजून राह्यली ना, दारू तं नाही गाळून राह्यली! तुह्या पोटात काहून दुखते?" त्या गाळ्यावर तिचं घर चालायचं.

दिवाळीनंतर समोरच बिअर बार उघडला. आम्ही दोघं चौकाच्या मॅनेजरकडे गेलो. इंद्रजित त्याचं नाव, नागपूरचा, बोलायला साखर. "मावशी, ते मतदान ग्रामपंचायतीचं होतं. आता हा भाग नगरपरिषदेत आला."

म्हणजे हद्द सरकली की बाटली आपोआप उभी! तोंडात आलेली शिवी मी गिळली नाही.

त्यानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. "उलट तुमचाच फायदा. तुमचा ठेचा, शेंगदाणे बारला द्या. चखणा म्हणून. ‘इंदूमावशी स्पेशल’ छापू."

"साहेब, सोताच्या माणसाले मरेस्तोवर चखणा नाही देला म्या. तुमच्या गिऱ्हाइकाले देऊ?"

"मग गाळा सोडावा लागेल."

सोडला. त्याच दुपारी आम्ही तवा, परात, पाटा-वरवंटा उचलायला लागलो, तर हा म्हणतो, "पाटा राहू द्या मावशी, शोभेला छान दिसतो."

"मंग तूच बस न इथं शोभेले!"

आता ती बसस्टँडजवळ हातगाडीवर भाकरी विकते. धंदा निम्मा झालाय. संध्याकाळी आम्ही नव्या मतदानासाठी शहरात सह्या गोळा करतो. परवा मी कुरकुरलो, की आता किती मोठ्या हद्दीत फिरायचं?

"मोठी झाली तं बरंच झालं," ती म्हणाली, "बायकाही वाढल्या." आणि पुढच्या दाराची कडी वाजवली.