दोन ओळींची हळहळ

मार्केट यार्डात बटाट्याचा ट्रक रिकामा करताना एका हमालाच्या छातीत कळ आली आणि तो गेला. बातमी सहा ओळींची होती. पानावर आठ ओळींची जागा होती. मी शेवटी लिहिले, ‘या घटनेमुळे परिसरात हळहळ व्यक्त होत आहे.’ जागा भरली.

हे वाक्य मी कित्येक वर्षे लिहीत आलो आहे. हुशार विद्यार्थी गेला, नवी नवरी गेली, पिंजऱ्यातले जनावर मेले, तरी ते चालते. कुणी तक्रार करत नाही. कुणाशी बोलून ते लिहिले का, हे आमच्या डेस्कवर विचारले जात नाही.

पाचव्या दिवशी दुपारी लोणी काळभोरहून त्या हमालाची बहीण कार्यालयात आली. हातात कात्रण होते.

“साहेब, ही बातमी तुमचीच हाय न्हवं?”

मी हो म्हटले.

“हळहळ व्यक्त होतीय म्हणून लिवलंय. कोण कोण हाईत, तेवढी नावं द्या. रविवारी पुण्यानुमोदन हाय. वंदना झाली की त्याच्याबद्दल चार शब्द बोलायला त्याच्या कामावरचं कुणीतरी पायजे. आमी तिथलं कुणालाच वळखत न्हाई.”

भाऊ वीस वर्षे यार्डात राबला होता. घरी कामाचे बोलत नसे. त्याचे तिथले आयुष्य ठाऊक असलेली माणसे तिला हवी होती, आणि ती आहेत असे पेपरात छापून आले होते. उद्या कळवतो, असे मी सांगितले. ती गेल्यावर शेजारचे सहकारी मान वर न करता म्हणाले, “जा आता. हळहळणारे कार्यालयात मिळत नाहीत.”

दुसऱ्या दिवशी सकाळी यार्डात गेलो. मला खरोखर पाहायचे होते, की माझ्या वाक्याखाली एक तरी माणूस आहे का. ज्या गाळ्यासमोर तो पडला, तिथे नवा ट्रक लागला होता. गाळेवाल्याने विचारले, “आपल्याला बटाटा घ्यायचाय की चौकशी करायचीय?” चौकशी म्हटल्यावर त्यांनी नुसते बोट दाखवले.

तिथे दोन हमाल पोती उचलून तिसऱ्याच्या पाठीवर देत होते. तिसरा नवीन होता. हळहळ वगैरे शब्द मी वापरला नाही. तो गेल्यावर काय झाले, एवढेच विचारले.

त्यातला वयस्कर म्हणाला, “काय व्हायचंय? दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी पोतं उचललं. सवयीनं. आणि द्यायला पाठच नव्हती. तसंच धरून उभे राहिलो.”

“मग?”

“मग खाली ठेवलं. चार दिवस टोळीत नवा माणूस घेतला नाही. मुकादम बोलला, बोलू दे. हे छापू नका.”

छापले नाही. संध्याकाळी बहिणीला फोन करून दोन नावे दिली. ते वाक्य लिहिताना मी कुणालाच विचारले नव्हते, हेही सांगितले.

तिने विचारले, “म्हणजे परिसर न्हवता?”

“नव्हता. हे दोघे आहेत.”

“बरं. दोघं तर दोघं. तुमीबी या. लिवलंय तर या.”

रविवारी गेलो. फोटोसमोर मेणबत्त्या होत्या. यार्डातले ते दोघे धुतलेल्या पांढऱ्या शर्टात पुढेच बसले होते. वंदनेनंतर बोलायची पाळी आली तेव्हा वयस्कर हमाल उभा राहिला. भाषण त्याला येत नव्हते. त्याने हात पुढे करून पोते कसे धरले होते ते दाखवले, पाठ नसल्याने ते कुठे थांबले हे सांगितले आणि खाली बसला.

“दादा,” बहीण म्हणाली, “पुन्यांदा सांगा. मागच्यांना ऐकू आलं न्हाई.”

तो पुन्हा उभा राहिला.